काकणांचा होकार

आमच्या वाड्यावर मुलीच्या निकाहाला मुलीचा होकार लागत असे, आणि तो काकणं देत. निकाह मशिदीत, पुरुषांच्या बैठकीत. मुलगी घरी, आतल्या खोलीत, ओढणी नाकापर्यंत ओढून बसलेली, भोवती बायकांचं कडं. मग मशिदीतून वकील म्हणून नेमलेला घरातलाच एक माणूस दोन साक्षीदारांना घेऊन येई, दारावरच्या पडद्याबाहेर उभा राही आणि विचारी, अमक्याच्या मुलाशी, इतक्या मेहेरवर, म्हणजे नवऱ्याने द्यायच्या रकमेवर, तुझा निकाह कबूल आहे का. आत कुणी बोलत नसे. नवरीला खेटून बसलेली वडीलधारी बाई ओढणीखाली हात घाली, नवरीचं मनगट पकडी आणि हलवी. हिरवा चुडा किणकिणे. बाहेरचे "अल्हमदुलिल्लाह" म्हणत. तीनदा प्रश्न, तीनदा किणकिण, की चपला घालून ते मशिदीकडे परत. मुलीच्या मनात काय होतं ते तिचं तिला आणि अल्लाला ठाऊक.

मनगट हलवण्याचा मान आमच्याकडे जैतुनखालाचा. ही माझ्या आईची थोरली बहीण, अंगाने दांडगी, हाताने जड आणि मनाने वाईट मुळीच नाही. माझ्या आईचं मनगट तिनेच हलवलं होतं. "साऱ्या वाड्याचे होकार ह्या हातात आसात," असं ती आपला उजवा पंजा उघडून दाखवत सांगायची आणि त्याच पंजाने भाताचे मुटके वळून आम्हा पोरांना भरवायची. त्या पंजाची मला लहानपणी फार माया वाटे. पुढे भीती वाटू लागली.

आमचं घर डिचोलीकडून पाळीला जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत होतं, खाणीच्या पट्ट्यात. मातीचे ट्रक चढावर गिअर बदलत, तेव्हा चुलीवरच्या टोपाचं झाकण थरथरायचं. धूळ इतकी लाल की अम्मा सान्नां उकडायला ठेवी ती पांढरी आणि ताटात येईपर्यंत गुलाबी. अब्बा त्यातलाच एक ट्रक चालवत. पहाटे पाववाल्या पोदेराचा भोंपू वाजला की अम्मा उंडे घ्यायला दारात जाई, आणि अब्बा रात्रीचं उरलेलं कालवण त्या गरम उंड्याबरोबर खाऊन, ओठांवरचा रस मनगटाने पुसत, ट्रकवर जात. पिराच्या उरुसाला आम्ही सगळे जायचो. बायका पाळीपाळीने एकेकीच्या घरी जमून पैगंबरांची गाणी म्हणायच्या, तिथे खोबऱ्याची वडी मिळायची. शेजारची कमलाबाय चवथीला पातोळ्या पाठवी, आमच्याकडून ईदला शेवया जात. यात काही विशेष आहे असं कुणालाही वाटत नव्हतं. आता लोक याच्यावर भाषणं करतात.

मग अब्बा आखातात गेले. तिथे ते एका शेखाची गाडी चालवत. काही वर्षांनी कायमचे परत आले ते एक टेपरेकॉर्डर, दोन जाड घोंगड्या, प्रवचनांच्या कॅसेटी आणि एक नवी जीभ घेऊन. या जिभेवर दोन शब्द सतत असत, किताब आणि रिवाज. किताबात आहे ते खरं, रिवाज तेवढा खोटा. उरुसाला जायचं नाही, तो रिवाज. गाणी म्हणायची नाहीत, रिवाज. पातोळ्या घ्यायच्या की नाहीत यावर आठवडाभर धुसफूस चालली. शेवटी अम्माने पातोळी हळदीच्या पानातून सोडवली, त्यांच्यासमोर ठेवली आणि म्हणाली, "गूळ आनी नाल्ल. हातूंत रिवाज खंय आसा तो काडून उडयात आनी उरिल्लें खायात." अब्बांनी खाल्ली. पण उरुस सुटला तो सुटलाच, आणि गाण्यांची ती संध्याकाळ आमच्या घरातून गेली. ती गाणी अम्मा भांडी घासताना तोंड मिटून गुणगुणायची.

मला अब्बांचा राग यायचा. आजही त्या गाण्यांवरून येतो. पण एक गोष्ट मान्य करायलाच हवी, नाहीतर मी खोटी ठरेन. ज्या वाऱ्याने अम्माची गाणी उडवून नेली, त्याच वाऱ्याने माझी एक खिडकी उघडली. अब्बांनी मराठीत अर्थ छापलेलं कुराण आणलं. स्वतः ते उर्दू अडखळत वाचत आणि मराठी त्याहून अडखळत. मी मराठी शाळेत शिकलेली. तेव्हा संध्याकाळी मगरिबच्या नमाजानंतर मी वाचायचं आणि त्यांनी ऐकायचं असं ठरलं. मधेच थांबवून ते विचारत, "तुका काय कळलें?" मी सांगे. माझं सांगणं पटलं नाही तर वाद घालत, पटलं तर मांडीवर थाप मारत. "आपले अकलेन वाच गो शमीम. कोणाच्या तोंडार जावंक नाका." वाड्यावर दुसऱ्या कुठल्या बापाने लेकीला असं सांगितल्याचं मी ऐकलं नाही. सतराव्या वर्षी माझ्या हातात त्यांनीच कोयता दिला, आणि तो कुठे चालेल याचा विचार केला नाही.

एकदा जैतुनखाला कुणाच्या तरी निकाहाची गोष्ट रंगवून सांगत होती, मनगट कसं हलवलं ते करून दाखवत होती. अब्बा कडाडले, "ह्यो खंयचो दीन, खंयचो धर्म? काकणां कबूल म्हणतात? चेडवान आपल्या तोंडान सांगूंक जाय. ह्यो सगळो रिवाज." खाला उठून घरी गेली. मी मात्र ते वाक्य पदराच्या गाठीला बांधून ठेवलं.

शाळा संपवून मी शिक्षिकेच्या प्रशिक्षणाला लागले. पहिलं वर्ष झालं, एक राहिलं होतं. तेवढ्यात वाळपईहून स्थळ आलं. बाजारात मोठं दुकान, घरात माणसं सभ्य, मुलगा दिसायला बरा. मी विचारलं ते एकच, की माझं दुसरं वर्ष? मुलाचे काका घराचे कर्ते होते. ते हसून म्हणाले, "शिकूं दी मगो, आमी कित्याक आडायतलांव?" बोलणी झाली. मी आनंदात होते, हे कबूल करते. मुलगा एकदा माझ्याकडे बघून हसला होता आणि ते हसू मी बरेच दिवस पुरवून पुरवून वापरलं.

लग्नाच्या आठवड्यात काका पुन्हा आले. चहा प्यायले, खाजें खाल्लं, आणि जाता जाता पायरीवरून म्हणाले, "तें शिकपाचें आतां कित्याक? दुकानार आमचीं बायलमनशां बसनांत, शाळेंत कशीं वतलीं? लोक काय म्हणतले?" मी दारामागे होते. अब्बा गप्प राहिले. कॅसेट लावून मौलवींशी वाद घालणारे माझे अब्बा एका दुकानदारासमोर गप्प राहिले, कारण तांब्याचे टोप भाड्याने आणून झाले होते आणि पत्रिका वाटून झाल्या होत्या. रात्री जेवताना मी त्यांना म्हटलं, "अब्बा, हें किताबांत आसा काय रिवाजांत?" ते ताटावरून उठले. मी एकटीच त्या दिवशी दोघांचं जेवले. रागाने मला भूक लागते, आजही लागते.

निकाहाच्या आदल्या दिवशी डिचोलीहून काकणकारीण आली, सुलोचनाबाय, जिने अर्ध्या तालुक्याच्या नवरींचे हात दाबून दाबून चुडे चढवले होते. तिने माझ्या दोन्ही हातांत कोपरापर्यंत हिरवी काकणं भरली आणि कौतुकाने माझा हात झुलवला. "आयक, आवाज कसो येता. मशिदीमेरेन वतलो." बायका हसल्या. मीही हसले. माझ्यातर्फे कोण बोलणार ते मी तेव्हा ऐकलं. चुडा काढणं तर शक्यच नव्हतं. भरलेला चुडा उतरवणं म्हणजे केवढा अपशकुन ते आमच्याकडे हिंदूंना ठाऊक, ख्रिस्त्यांना ठाऊक आणि आम्हालाही. तिथे किताब चालत नव्हता, रिवाजच चाले.

मग मला सुचलं की चुडा काढायचा नाही, बांधायचा.

निकाहाच्या दिवशी सकाळी मी अम्माची जुनी सुती साडी घेतली आणि तिची एक पट्टी फाडली. डाव्या हातावर काकणांतून ती पट्टी विणत, वळसे घेत, घट्ट आवळली. हात हलवून पाहिला. आवाज नाही. पण उजव्या हाताला बांधायचं तर डावा पुरेना. दातात टोक धरलं, सुटलं. पुन्हा धरलं, पुन्हा सुटलं. तेवढ्यात अम्मा अत्तराची कुपी घेऊन आत आली. तिने माझा डावा हात पाहिला, दातातली चिंधी पाहिली, फाडलेली साडी पाहिली. ती ओरडेल, रडेल, खालाला हाक मारेल, असं मला वाटलं. तिने कुपी खाली ठेवली, दाराला कडी घातली, माझ्यासमोर बसली आणि माझ्या उजव्या हातावर ती पट्टी इतकी नीट विणली, जणू जन्मभर हेच काम करत आली होती. गाठ मारून म्हणाली, "ओढणी हातांर ओड. दिसता." बस्स, एवढंच.

मशिदीवर त्या वर्षी नवा भोंगा बसला होता. अब्बांच्याच आग्रहाने. निकाहाचा खुतबा, मौलवींचं प्रवचन, घरच्या बायकांनाही ऐकू यावा म्हणून तो त्या दिवशी सुरू ठेवला होता. आमच्या मागच्या पडवीत पुलावाचे टोप झाकून ठेवलेले, दालचिनीचा वास घरभर, आणि भोंग्यातून खाकरणं, सतरंजी ओढल्याचा आवाज, कुणाचं तरी "पुढे सरा." मी आतल्या खोलीत. माझ्या उजवीकडे जैतुनखाला, डावीकडे अम्मा.

वकील होता उस्मानमामू, अम्माचा भाऊ, मवाळ माणूस. तो दोन साक्षीदारांसह पडद्याबाहेर येऊन उभा राहिला. अब्बाही त्यांच्यामागे आले होते. मामूने मुलाचं नाव घेतलं, मेहेर सांगितला, विचारलं, कबूल आहे? खालाचा हात ओढणीखाली आला आणि माझं मनगट हलवलं. आवाज नाही. तिने पुन्हा हलवलं, जोरात. मग दुसरं मनगट धरलं. तिच्या चेहऱ्यावरचा तो गोंधळ मला अजून दिसतो, घागर पालथी केली आणि पाणी पडलं नाही असा. "काय केलंस गो हें?" ती कुजबुजली.

बाहेर मामू म्हणाला, "लजता ती. गप्प रावली म्हणजे होकारच."

"मामू," मी म्हणाले, "हांव गप्प ना."

खोलीतल्या बायका एकदम माझ्याकडे वळल्या. मी थांबले नाही. "माका शिकूंक दिवपाचें उतर दिल्लें. दुसरें वर्स पुराय करूंक दितात, शाळेंत शिकवूंक दितात, ही शर्त निकाहांत घालतात जाल्यार कबूल. ना जाल्यार ना."

"शर्त?" एक साक्षीदार म्हणाला. "चेडवान शर्त घालपाची?"

खाला माझ्या दंडाला चिमटे काढत होती. मी पडद्याकडे तोंड केलं. "अब्बा, तुमी थंय आसात मगो? काकणां कबूल म्हणूंक शकनांत, चेडवान आपल्या तोंडान सांगूंक जाय, अशें कोण म्हणतालो? तो रिवाज म्हणताले तुमी. हांवें तोंडान सांगलां. आतां तुमी सांगात, किताब काय रिवाज?"

एक ट्रक चढावर गिअर बदलून वर गेला. मग अब्बांचा आवाज आला, मामूला म्हणत होते, "चल. तिणें जें सांगलां तें जशेंच्या तशें सांग. एक उतर कमी ना, एक चड ना. हांव येतां वांगडा."

ते गेले आणि भोंगा बोलू लागला. तो बंद करायचं भान तिथे कुणाला राहिलं नाही. त्यामुळे पुढचं सगळं आमच्या घरी, कमलाबायच्या पडवीत, नाक्यावरच्या गॅरेजात आणि चहाच्या दुकानात एकाच वेळी ऐकू गेलं. मामूने अडखळत माझी अट सांगितली. काकांचा आवाज चढला. "आमी दुकानदार मनीस, आमचे सुनेन शाळेंत वचपाचें? आनी हें आतां सांगता? चेडवाक तुमी काय शिकयलां?" मग अब्बा, शांतपणे, "वाचूंक शिकयलां." मग मौलवींचं पुटपुटणं, की शर्त घालणं नाजायज नाही, मुलाला विचारा. मग काका, "इरफान, तूं उलय. उलय रे. कित्याक उलयना?"

भोंग्यातून मुलाचा आवाज येईना. आम्ही सगळ्या बायका छताकडे बघत बसलो होतो, जणू आवाज तिथून पडणार होता. तेव्हा माझ्या डावीकडून अम्मा, जी आयुष्यात चारचौघींत मोठ्याने बोलली नव्हती, म्हणाली, "गप्प रावलो. म्हणजे होकारच!"

पहिल्यांदा कोण हसलं ते आठवत नाही. पण हसू असं पसरलं की जैतुनखालाच्याही तोंडावर आलं आणि तिने ते पदराने पुसलं. भोंग्यात मात्र काकाच बोलले. "उठात सगळे," ते म्हणाले. चपलांचा गलका, मोटारींची दारं, आणि मग कुणीतरी भोंगा बंद केला. इरफान शेवटपर्यंत बोलला नाही. तो वाईट मुलगा नव्हता. त्याचं मनगट काकांच्या हातात होतं आणि त्याला काकणं नव्हती, एवढंच.

इथे मला थोडं आजचं बोलू द्या. टीव्हीवर चौकटी चौकटींत बसलेली माणसं हल्ली आमच्याविषयी ओरडत असतात. एकाला आमची कीव करायची असते, दुसऱ्याला आम्हाला वाचवायचं असतं, तिसऱ्याला आम्हाला कोंडायचं असतं. जगभर इस्लाम बदलतोय, किंवा बदलत नाही, असं ते परस्पर ठरवतात. मला कुणी विचारत नाही. गेल्या वर्षी डिचोलीच्या हॉलमध्ये माझ्या भाचीचा निकाह झाला. नवरा दुबईत, मोबाईलच्या पडद्यावर. काझीने माईक सरळ तिच्या हातात दिला. तिने आपल्या अटी वाचून दाखवल्या, घसा साफ करून, आणि मग कबूल म्हणाली. ती डोक्याला स्कार्फ घट्ट बांधते. मी कधीच बांधला नाही. आम्ही दोघी त्यावरून भांडतो आणि एकाच ताटात जेवतो. आमची कीव करणाऱ्यांनी ती आपल्या घरी ठेवावी, आणि आम्हाला कोंडू पाहणाऱ्यांनी कुलूपही. आम्ही बदलतो ते तुमच्या परवानगीने नव्हे, आणि जे ठेवतो तेही तुमच्या परवानगीने नव्हे. माझं लग्न झालं का, असं विचाराल. झालं, पुढे, सावकाश, माझ्या तोंडून. दुसरं वर्ष पुरं झालं आणि तीस-बत्तीस वर्षं पोरांना बाराखडी शिकवून झाली, त्यानंतर हे लिहिते आहे.

त्या दुपारी पाहुणे न जेवता गेले आणि पुलाव उरला. अम्माने टोप उघडले. वाड्यावरची माणसं आली, गॅरेजवाले आले, रस्त्यावरचे ट्रकही थांबले. लोक जेवताना खालच्या आवाजात बोलत होते, मयताच्या घरी बोलतात तसं, पण दुसऱ्यांदा वाढून घेत होते. जैतुनखाला मला म्हणाली, "तोंड काळें केलंस आमचें." आणि मग, माझं ताट रिकामं पाहून, आपल्या जड पंजाने त्यात भात वाढला. त्या दिवशी मी तिच्यावर रागावू शकले नाही.

उन्हं कलली, असरच्या नमाजाच्या वेळेला सगळं आटपलं. मी आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसले होते आणि आता मला रडू येत होतं. खूप येत होतं. त्या मुलाचं हसू आठवत होतं. अम्मा येऊन बसली आणि माझ्या हातांवरच्या पट्ट्या सोडू लागली. गाठ सुटली तसं एकेक काकण मोकळं झालं, आणि मी डोळे पुसायला हात उचलला तर ती सगळी वाजली. तेवढ्यात अब्बा मशिदीतून परतले. पडदा काढलेला होता. ते उंबऱ्यावर येऊन उभे राहिले, टोपी हातात. अम्माने त्यांच्याकडे पाहिलं नाही. पट्टीची घडी घालत ती मला म्हणाली, "आतां माका विचार."

"काय विचारूं?"

"मामून तुका विचारलें तें. म्हजे वेळार जैतुनान हात हालयलो. माका कोणें विचारलेंच ना."

मी अब्बांकडे पाहिलं. ते जागचे हलले नाहीत. मी डोळे पुसले, सरळ बसले, आणि मामू उभा राहतो तसा आवाज काढून माझ्या अब्बांचं पूर्ण नाव घेतलं, त्यांच्या बापाचं घेतलं, मेहेर अम्माला विचारून सांगितला, आणि म्हटलं, "ह्या मनशाकडेन तुजो निकाह, कबूल आसा?"

अम्माने घडी मांडीवर ठेवली. अब्बा तिच्याकडे बघत होते. पाच लेकरं, आखाताची वर्षं, बंद झालेली गाणी, सगळं त्या खोलीत होतं.

"थांब गो," अम्मा म्हणाली. "माका मातसो विचार करूंक दी."

आणि माझे अब्बा, टोपी हातात धरून, उंबऱ्यावर उभे राहिले, वाट बघत.